काबरीचं माहेरपण

ऐन उन्हाळ्यात खानदेशात निघालेल्या माणसाला आमच्या कऱ्हाडकडे एकच प्रश्न विचारतात, "कोण गेलं?" मला तर स्टँडवर तिघींनी विचारलं. त्या बिचाऱ्यांचंही काही चुकलं नाही. हातात बोचकं, डोक्यावर पदर, आणि गाडी जळगावची. त्या दिवसांत तिकडे मयतीशिवाय कोण जाणार? मी सांगितलं, कोणी गेलेलं नाही, माझ्या विहिणीच्या गाईला तिच्या माहेरी पोचवायचंय. त्यावर तिघींनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पण खरंच तसं होतं. माझी मुलगी पारोळे तालुक्यातल्या एका घरात दिलेली. ती आणि जावई दोघं नाशिकला नोकरीला असतात. तिची सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्यांना सगळा गाव अक्का म्हणतो म्हणून मीही अक्काच म्हणते. या अक्कांचा फोन आला. त्या खानदेशीतच बोलतात, मी कऱ्हाडी बोलते, आणि आमचं मस्त जमतं.

"ताई, आखाजीले या," त्या म्हणाल्या. "काबरीले मन्हा माहेरले लई जानं शे. तुमी संगे ऱ्हायनात ते बरं व्हई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस खाऊन झोपतात. खानदेशात तो लेकीबाळींचा सण, दिवाळीपेक्षाही मोठा. काबरी म्हणजे त्यांची गाय. आणि मी बरोबर असले तर बरं का होईल, ते मला तेव्हा कळलं नाही. पोचल्यावर कळलं.

पारोळ्याजवळ

जळगावला उतरले तेव्हा सकाळच होती, पण स्टँडबाहेर पाय ठेवला आणि वाटलं, कोणीतरी भट्टीचं दार उघडं टाकून गेलंय. रिक्षावाल्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले, सराफांच्या पेढ्यांपुढे गोणपाटावर पाणी मारणं चाललेलं. एसटीत खिडकी उघडली तर झळ, बंद केली तर घाम. पारोळ्याला किल्ल्याच्या भिंतीपाशी व्याही मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांना नाना म्हणतात. सडपातळ माणूस, बोलणं कमी, हसणं जास्त. त्यांनी माझं बोचकं टाकीवर ठेवलं आणि मला मागे बसवून शेतातल्या वाटेनं घरी नेलं.

जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ती. बरोबर शेवभाजी, आणि तिच्यावर बोटभर तेल. आम्ही कऱ्हाडचे लोक स्वतःला तिखट खाणारे समजतो. पहिल्या घासाला माझा समज गेला, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. नाना खाली मान घालून हसत होते आणि अक्का ताटात आणखी तेल सोडत होत्या, म्हणे तेलानं तिखट कमी लागतं. अजिबात लागत नाही.

जेवण झाल्यावर अक्का मला गोठ्यात घेऊन गेल्या.

आम्ही म्हशीवाले. आमच्याकडे बैल म्हटलं की पांढरा, उभ्या शिंगांचा खिल्लार, आणि दूध म्हटलं की म्हैस. एका जनावराकडून दोन्ही कामं घ्यायची आमच्याकडे रीत नाही. काबरी निघाली निमाडी. तांबडी लाल, तिच्यावर चुन्याचं बोट झटकल्यासारखे पांढरे शिंतोडे, कपाळ पुढे आलेलं, कान लांब, शिंगं मागे वळलेली. दिसायला मोठी नाही, पण पाय बघून घ्यावेत असे. नाना म्हणाले, या जातीच्या गाईचं दूध घराला पुरतं, तिचे गोऱ्हे औताला लागतात, चारा मिळेल तो खाते, आणि दगडाच्या रानात चालताना पाय धरत नाही. थोडी जमीन असलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? दावणीला काबरीचेच दोन बैल उभे होते. घरची सगळी मशागत त्या जोडीवर चालते. सकाळचा चहाही काबरीचाच.

मग अडलं कुठे? तर इथे.

अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना आंदणात एक निमाडी कालवड दिली होती. त्यांचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. त्या भागात ही जनावरं पिढ्यान्‌पिढ्या. त्या कालवडीची लेक, तिची लेक, अशी ही काबरी. अक्कांच्या घरातून नणंदा गेल्या त्या प्रत्येकीबरोबर या वंशातली एकेक कालवड गेली. पण काबरीला आजवर झाले ते सगळे गोऱ्हे. बैल चांगले मिळाले, पण लेक नाही. आता तिचं वय होत आलेलं. गावात निमाडी वळू राहिलेला नाही. डॉक्टर मोटारसायकलवर डब्यातून बी घेऊन येतात, ते दुसऱ्या जातींचं. तरी एकदा करून पाहिलं, तर काबरी उलटली, गाभण राहिली नाही. आणखी एखादं वेत होईल तिचं, तेवढ्यात कालवड झाली नाही तर अक्कांच्या आईनं दिलेली गाय या घरातून संपली.

"आनि आपली नात शे ना," अक्का काबरीच्या मानेखाली खाजवत म्हणाल्या. "तिले मी काय देसू?"

आमची नात तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर. मला हसू येत होतं, पण अक्कांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

निमाडी वळू होता तो अक्कांच्या भावाकडे, नथूभाऊंकडे. आणि नथूभाऊंकडे अक्का कैक वर्षं गेलेल्या नव्हत्या.

त्याचं कारण नानांनी मला हळूच सांगितलं. भाच्याच्या लग्नात मानाचे टोपी-टॉवेल वाटताना गर्दीत नाना राहून गेले. शेजारी बसलेल्या कुठल्यातरी पाहुण्याच्या डोक्यावर टोपी चढली आणि जावयाचं डोकं उघडं राहिलं. नानांना त्याचं काहीच नव्हतं, उन्हाळ्यात टोपी कोणाला हवी असते, असं ते म्हणाले. पण अक्कांना लागलं. त्यांनी भावाला निरोप पाठवला, आखाजीला मला न्यायला येऊ नको. भावालाही लागलं. तो खरंच आला नाही. दोघंही एका आईची, असं नाना म्हणाले, आणि गोठ्यातल्या खुंट्याकडे बोट दाखवून हसले.

धुळे, सोनगीर, तापी

दुसऱ्या दिवशी पहाटे पारोळ्याहून सलीमभाई पिकअप घेऊन आले. त्यांचे वडील नानांच्या बैलगाडीला धावा बसवून द्यायचे, असा घरोबा जुना. मी पुढे बसले. अक्का मागे, काबरीबरोबर. म्हटलं, अहो, पुढे जागा आहे. त्या म्हणाल्या, तिला एकटं वाटेल. पण खरं कारण आणखीही होतं, आणि ते सलीमभाईंनी आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं.

"अक्का, गायले जरा सजाडा," ते म्हणाले होते. "घरनी गाय शे हाई दिसू द्या लोकेस्ले. मी चालावणारा, वाटमा कोनी काई इचारी."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस येईल तर छत्री घ्या म्हणावं तसं ते बोलले. अक्कांनी लगेच मनावर घेतलं. काबरीच्या शिंगांना गेरू लागला, कपाळावर मळवट भरला, गळ्यात घुंगरांचा पट्टा चढला, आणि पेटीतून एक भरतकामाची झूल निघाली. अक्का आंदण घेऊन आल्या तेव्हा पहिल्या कालवडीच्या पाठीवर होती तीच. कडा विरल्या होत्या, पण आरसे शाबूत होते. इतकी नटलेली गाय मी पोळ्यालासुद्धा बघितलेली नाही. नाना गोठा सांभाळायला मागे राहिले. काबरी गाडीत चढली तेव्हा तिच्या दोन्ही लेकांनी माना वळवून बघितलं, आणि नानांनीही.

धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तर चारदोन पोरं गाडीभोवती आलीच. एकानं आधी सलीमभाईंकडे बघितलं, मग गाईकडे, मग अक्कांकडे, आणि विचारलं, गाय कुठं चालली?

"माहेरले," अक्का म्हणाल्या.

पोरगा हसला. त्यानं काबरीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि वाट मोकळी केली. सलीमभाईंनी चहाचा पेला एका दमात संपवला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

सोनगीरला मी हट्टानं गाडी थांबवली. तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव ते. रस्त्याच्या कडेला हंडे, घागरी, परातींची रास. मी एक पितळी तांब्या घेतला आणि परत आले तर अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी साताऱ्याहून त्यांच्या माहेरच्यांसाठी कंदी पेढे आणले होते. उन्हानं खराब होऊ नयेत म्हणून पिशवी मागे सावलीत अडकवली होती. काबरीनं पिशवीसकट अर्धे पेढे खाल्ले होते आणि उरलेले चाटत होती. मला राग यायला हवा होता, पण ती इतकी समाधानी दिसत होती की मी उरलेले तिच्याच तोंडात दिले. पाहुण्यांच्या घरी आता तांब्या तेवढा द्यायचा होता.

तिथून पुढे मीही मागेच बसले. वारा गरम, पण पुढच्या केबिनपेक्षा बरा. तापीच्या पुलावर अक्कांनी कनवटीची सुपारी काढून पाण्यात टाकली आणि हात जोडले. मग काबरीच्या गळ्यातला दोर हातावर गुंडाळत मला एक गोष्ट सांगितली. गाय विकली, तर विकणारा आपला दोर सोडून ठेवून घेतो, घेणाऱ्यानं स्वतःचा दोर आणायचा. पण आंदणाची गाय दोरासकट जाते. का? कारण विकलेल्या गाईशी संबंध तुटतो, आंदणाच्या गाईशी तुटत नाही. दोर म्हणजे माहेरचा हात. आमच्याकडेही विकताना दावं देत नाहीत, पण आंदणाचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे आंदणात मला मिळाला होता एक पितळी डबा आणि शिलाई मशीन. त्यांना कसला दोर?

सातपुड्याच्या पायथ्याला

शिरपूर सोडलं की डोंगर समोर येऊन उभा राहतो. केळीच्या बागा मागे पडतात, जमीन लाल आणि खडकाळ होते, मग कळतं की काबरीचे पाय असे का आहेत. वाटेत पावरा लोकांच्या गाई दिसल्या, सगळ्या तिच्याच रंगाच्या. काबरी पिकअपच्या कठड्यावरून मान काढून एकेकीकडे बघत होती. अक्काही बघत होत्या, पण त्यांच्या हाताची मूठ दोरावर घट्ट होत चाललेली मी पाहिली.

भावाला त्यांनी येण्याचं कळवलंच नव्हतं, हे मला गाव दिसायला लागल्यावर कळलं. भावजयीला, हिरावहिनींना, फोनवर सांगितलं होतं. दोघींनी मिळून ठरवलं की नथूभाऊंना आधी सांगितलं तर ते अडून बसतील, समोर जाऊन उभं राहिलं की आपोआप विरघळतील. बायका असा बेत करतात तेव्हा तो सहसा जमतो. या वेळी झुलीनं घोटाळा केला.

नथूभाऊ ओट्यावर बसले होते. अक्कांपेक्षा मोठे, तसंच नाक, तशीच हनुवटी. गाडी दारात थांबली. त्यांनी बहिणीला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, हे मी शपथेवर सांगते. मग त्यांनी काबरीला पाहिलं. शिंगांना गेरू, कपाळाला मळवट, पाठीवर त्यांच्या आईच्या हातची झूल. याच दारातून, याच झुलीत, पहिली कालवड बहिणीबरोबर गेली होती. त्यांचा चेहरा विझला.

"आंदन परत कराले उनी का तू?" ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. अक्कांनाही समजायला वेळ लागला. तिकडे कोणी आंदणाची गाय सजवून माहेरच्या दारात आणून सोडली, तर त्याचा अर्थ एकच होतो. तुमचं-आमचं संपलं, तुमची वस्तू घ्या. बहिणीनं वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता टाकलं ते गाय घेऊन, आखाजीच्या आदल्या दिवशी, सगळा गाव बघत असताना. कोणत्याही भावाला तसंच वाटलं असतं.

अक्कांनी एका वाक्यात सांगून टाकलं असतं तर काम झालं असतं. पण भावाच्या मनात असं येऊच कसं शकतं, याचाच त्यांना इतका राग आला की त्या बोलल्याच नाहीत. दोर हातात धरून तशाच गाडीत उभ्या. नथूभाऊ ओट्यावर उभे. गाय परत घेणार नाही, गाडीतून उतरवायची नाही, असं त्यांनी सलीमभाईंना बजावलं आणि पाठ फिरवली. शेजारपाजारच्या दारांत माणसं जमली. हिरावहिनी उंबऱ्यात येऊन थबकल्या, पदराचं टोक दातात. सलीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लावता येईना. काबरीच्या तोंडाला फेस आला होता.

मला खरं तर भीती वाटत होती. अक्का परत फिरा म्हणाल्या असत्या तर सलीमभाईंनी गाडी वळवली असती, आणि त्या पुन्हा त्या दारात आल्या नसत्या. मग कसला वळू आणि कसली कालवड.

नथूभाऊंनी एवढ्यात मला पाहिलं. बहिणीवर कितीही रुसलेले असोत, बहिणीची विहीण आपल्या दारात उन्हात बसली आहे हे त्यांना सोसेना. ते परत फिरले, हात जोडले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "याहीनबाई, तुमी खाले उतरा. उनमा नका बसू."

तेव्हा मला कळलं, अक्कांनी मला बरोबर का आणलं होतं. विहिणीचा मान हे मोठं हत्यार असतं आणि ते माझ्या हातात आपसूक आलं होतं. मी जागची हलले नाही.

"भाऊ, उतरते की," मी म्हटलं. "पण आम्ही तिघी आलोय. आधी तिघींना पाणी द्या. ही तिसरी माहेरपणाला आलीय, तुमच्या वळूकडे. तिच्या पोटी लेक हवीय आम्हाला, आमच्या नातीसाठी."

मग हिरावहिनी आत गेल्या आणि पाण्याची बादली, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सलीमभाईंनी मागचं फळकूट सोडलं. अक्का उतरल्या, मी उतरले, मग काबरी. वहिनींनी भाकरीचा तुकडा अक्कांवरून ओवाळला, माझ्यावरून ओवाळला, आणि नंतर काबरीवरून. पायांवर पाणी घातलं तिघींच्या. काबरीच्या चारही खुरांवर, एकेक करून. काबरीनं बादलीत तोंड घातलं ते बादली रिकामी होईपर्यंत वर काढलं नाही.

नथूभाऊ बघत होते. त्यांची नजर झुलीवर होती. मग ते पुढे आले आणि बहिणीच्या हातातल्या दोराकडे बघून, सगळ्यांदेखत विचारलं, "दोर सोडी लई जाशी का?"

"दोर आठेच ऱ्हाई," अक्का म्हणाल्या. "तिले दिवस गयात का मंग दोरसंगे मन्हा घर धाड."

भावानं दोर हातात घेतला. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते मला दिसलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते या वेळी शेवभाजीचं नव्हतं.

आखाजी

दुसऱ्या दिवशी आखाजी. पहाटेपासून घरोघरी पालथ्या खापरावर मांडे. कणकेचा गोळा, आत पुरण, आणि तो दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत फिरवत फिरवत टॉवेलाएवढा करून खापरावर टाकायचा. हिरावहिनी हे बोलता बोलता करत होत्या. मलाही हौस आली. माझा मांडा हातातच फाटला आणि पुरण कोपरावरून ओघळलं. अक्का म्हणाल्या, तुमची पुरणपोळी चांगली असते, तीच करा. मी गुपचूप रस काढायला बसले.

दुपारी पुरुष मंडळी लिंबाखाली पत्ते मांडून बसली. आमच्याकडे सणाच्या दिवशी असं उघड बसलं तर घरच्या बायका पत्ते चुलीत घालतील, तिकडे त्या दिवशी मोकळीक. बायका झोक्यावर. गावातल्या लग्न होऊन गेलेल्या सगळ्या पोरी आलेल्या, कोणी सुरतहून, कोणी जळगावहून. झोका चढवताना गाणी म्हणत होत्या, एका ओळीत भाऊ आणि दुसऱ्या ओळीत सासरची चेष्टा. मलाही बसवलं. झोका वर गेला तेव्हा छान वाटलं, मग उतरवायला दोघी लागल्या. अक्का मात्र पोरीसारख्या उभ्यानं झोका चढवत होत्या. इतकी वर्षं ही बाई हे सगळं सोडून कशी राहिली असेल, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी नथूभाऊंनी वळू दाखवला. लाल्या त्याचं नाव. रंग काबरीचाच, पण गडद. खांदा एवढा की पलीकडचं दिसू नये. डोंगरातल्या पाड्यांवरचे लोकही आपल्या गाई त्याच्याकडे आणतात. त्याचं काही घ्यायचं नसतं, जो येईल तो मूठभर गूळ त्याला चारून जातो. मी विचारलं, एवढा मोठा प्राणी पोसायचा कशाला? नथूभाऊ म्हणाले, माझा बाप पोसायचा म्हणून, आणि आता शिरपूरपर्यंत दुसरा नाही म्हणून. एवढंच. काबरी थोड्या अंतरावर बांधलेली होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. मी काळजीनं विचारलं तर नथूभाऊ म्हणाले, अजून ओळख व्हायचीय, माहेरी आलं की आधी झोपतात माणसं.

परत

आम्ही निघालो त्या सकाळी काबरी हंबरायला लागली. चारा सोडला, पाणी सोडलं. मला वाटलं, अक्का निघाल्यात म्हणून रडतेय. वहिनींनी माझ्याकडे बघून नुसतं हसून घेतलं. लाल्या खुंट्याला हिसडे देत होता. नथूभाऊ म्हणाले, तुम्ही जा आता निवांत.

गाडीत बसायच्या आधी ते आतून एक पुडकं घेऊन आले. कडक घडीची पांढरी टोपी आणि टॉवेल. घडीवर पिवळा डाग पडला होता. भाच्याच्या लग्नात नानांना द्यायचे राहिले तेच, चूक ध्यानात आल्यापासून पेटीत ठेवलेले. बहिणीपुढे धरले.

"मन्हा हातमा नको देऊ," अक्का म्हणाल्या. "तू घर ई घाल त्यास्ले."

नथूभाऊंनी मान डोलावली आणि पुडकं पुन्हा काखेत घेतलं. सलीमभाईंची गाडी रिकामी परत निघाली. अक्का या वेळी पुढे बसल्या, झूल घडी करून मांडीवर. तापीच्या पुलावर मी विचारलं, भावावर राग आहे का अजून. त्या म्हणाल्या, आहे, पण आता पुढच्या आखाजीपर्यंत टिकेल एवढाच.

पोळ्याला नथूभाऊ स्वतः काबरीला घेऊन पारोळ्याकडे आले. गाय गाभण, गळ्यात तोच दोर. नानांच्या डोक्यावर टोपी घातली तेव्हा त्यांचे दोन्ही बैल सजून दारात उभे होते, असं अक्कांनी फोनवर सांगितलं. नानांनी ती टोपी रात्री झोपतानाही काढली नाही म्हणे.

आणि थंडी सरता सरता पुन्हा फोन आला. अक्कांनी नमस्कारही केला नाही.

"ताई, कालवड व्हयनी."

तांबडी, कपाळावर पांढरा शिंतोडा. ती आपल्या नातीची, आंदणाची, आजपासून. मी म्हटलं, अक्का, नातीचं लग्न होईल तेव्हा आपण दोघी असू की नाही कोणास ठाऊक, आणि ती राहते तिसऱ्या मजल्यावर, तिथे कुत्रं पाळायचं तरी सोसायटीला विचारावं लागतं. अक्का म्हणाल्या, गाय माझ्या गोठ्यात राहील, तिच्या लेकी माझ्या गोठ्यात राहतील. नातीनं फक्त सुट्टीला येऊन दोर धरायचा. आणि मग म्हणाल्या, नातीच्या आईचं माहेर तुमचं. तेव्हा दोर तुमच्याकडून यायला पाहिजे.

आम्ही म्हशीवाले. गाय द्यायची ऐपत असूनही रीत नाही. पण दोर वळता येतो मला, माझ्या वडिलांनी शिकवलेला. कऱ्हाडच्या बाजारातून अंबाडीचा वाख आणलाय. सकाळी भाकरी झाल्या की मागच्या दारात बसते आणि वळते. बोटांना पहिल्यासारखं जमत नाही, पीळ मधेच सैल पडतो, उलगडून पुन्हा घालते. काल अक्कांना फोन करून विचारलं, वासराला केवढा लागेल, किती लांब ठेवू?

पलीकडून आधी काबरीचं हंबरणं ऐकू आलं, मग अक्का.

"नाशिकलगून पुरी इतला ठेवा," त्या म्हणाल्या.